गुडघ्यातलं पाणी कुणी बघितलं का?

पत्र : डॉक्टर, आम्ही गोव्यातल्या सावईवेऱ्याचे. बाबा ६८ वर्षांचे, कुळागर (नारळी-पोफळीची बाग) अजून स्वतःच बघतात. चतुर्थीनंतर आठवड्याभराने त्यांचा उजवा गुडघा एका रात्रीत टम्म सुजला, लाल झाला, पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सहन होईना, न्हाणीघरापर्यंत चालवेना. याआधी दोनदा पायाचा अंगठा अगदी असाच सुजला होता, तीन वर्षांपूर्वी आणि यंदा मे महिन्यात. दोन्ही वेळा आठवड्यात सगळं बसलं. गुडघ्याच्या वेळी युरिक ॲसिड ६.१ आलं. एक डॉक्टर म्हणाले, हे नॉर्मल आहे, गाऊट (युरिक ॲसिडचा संधिवात) नव्हे. एक्स-रेवर ‘झीज, कूर्चेत कॅल्शियमची रेघ’ असं लिहिलंय. दुसरे म्हणाले, वयाचं दुखणं आहे, एमआरआय करून घ्या. मुंबईचा मावसभाऊ म्हणतो, ड्युअल एनर्जी सीटी कर, त्यात गाऊट रंगीत दिसतो. फोंड्याच्या एक सोनोग्राफीवाल्या डॉक्टर म्हणाल्या, माझ्याकडे आणा, मी बघते. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, क्रिएटिनिन १.६ आहे. आता सूज बरीच उतरलीय, थोडी आहे. खर्चाची तयारी आहे, पण एकदाच. यातली सगळ्यांत चांगली तपासणी कोणती? — म. ना., सावईवेरे

बाय (वयाने मी तुमच्या बाबांच्याही पुढे आहे, म्हणून बाय म्हणतो, राग मानू नका),

तुमच्या पत्रात चार तपासण्या आहेत, तीन डॉक्टर आहेत आणि एक मावसभाऊ आहे. एक गोष्ट मात्र नाही. गुडघा टम्म होता तेव्हा त्यात सुई घालून पाणी काढलं का, आणि ते कुणी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं का? पत्र दोनदा वाचलं, कुठे उल्लेख सापडला नाही. म्हणजे बघितलं नसणार.

माझी सगळी नोकरी क्ष-किरण विभागात गेली. फोटो वाचून घर चालवलं. त्यामुळे फोटोच्या विरुद्ध बोलून मला काही मिळत नाही. तरी सांगतो, सुजलेल्या सांध्यातलं पाणी जे सांगतं ते कुठलंच यंत्र तितक्या ठामपणे सांगत नाही. १९६१ साली मॅकार्टी आणि हॉलंडर या अमेरिकन डॉक्टरांनी गाऊटच्या रुग्णांच्या सांध्यातलं पाणी ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. सुयांसारखे चमकणारे युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, स्फटिक दिसले. तिथून गाऊटचं निदान अंदाजावरून पुराव्यावर आलं. गंमत पुढे आहे. ज्यांना गाऊट म्हणून धरलं होतं अशा काहींच्या पाण्यात त्याच मॅकार्टींना सुया सापडल्याच नाहीत. सापडले ते आखूड, चौकटीसारखे, फिकट चमकणारे वेगळेच स्फटिक. ते कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे होते. १९६२ मध्ये त्याचं नाव पडलं स्यूडोगाऊट, म्हणजे गाऊटचं सोंग. तुमच्या बाबांच्या बाबतीत नेमका हाच घोळ आहे, म्हणून हा इतिहास सांगितला.

अंगठ्याबद्दल मला फारशी शंका नाही. अमेरिकेच्या आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनी २०१५ साली मिळून गाऊटसाठी गुणांची एक यादी केली. आठ गुण झाले की रुग्ण गाऊटच्या वर्गात. अंगठ्याचा सांधा धरला याचे दोन. लाली, स्पर्श न सोसणं आणि चालता न येणं, तिन्ही असल्याचे तीन. झटका झटपट चढून दोन आठवड्यांच्या आत पूर्ण उतरणं, तेही एकाहून जास्त वेळा, याचे दोन. युरिक ॲसिड सहा ते आठच्या मध्ये, त्याचे दोन. झाले नऊ, आणि त्यात अजून एकही फोटो मोजलेला नाही! ती यादी संशोधनासाठी केलेली आहे, दवाखान्यात गुण मोजून निदान करायचं नसतं, हे मान्य. पण ‘६.१ म्हणजे नॉर्मल, म्हणून गाऊट नव्हे’ हे वाक्य किती लंगडं आहे ते यावरून कळावं. त्यातून झटका चालू असताना रक्तातलं युरिक ॲसिड बऱ्याच जणांत खाली येतं. झटका बसल्यावर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा, आकडा वेगळा दिसला तर नवल वाटायला नको.

प्रश्न उरतो गुडघ्याचा. तिथे एक्स-रेवर कूर्चेत, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत अस्तरात, कॅल्शियमची रेघ आहे. साठीनंतर गुडघा आणि मनगट या पायरोफॉस्फेटच्या आवडत्या जागा. पण अशी रेघ कित्येक म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यात असते आणि त्यांना कधी काही होत नाही. रेघ दिसली म्हणजे झटका तिनेच आणला असं होत नाही. तेव्हा गुडघ्याचा झटका युरेटचा असेल, पायरोफॉस्फेटचा असेल, किंवा दोन्ही एकाच सांध्यात नांदत असतील. असं जोडपं दुर्मीळ नाही. हे ठरायला हवं, कारण युरिक ॲसिड उतरवण्याची गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते आणि पायरोफॉस्फेटवर तिचा काही उपयोग नाही.

आता एकेक तपासणी घेऊ. तुम्ही ‘सगळ्यांत चांगली’ विचारलंत. या चौघींची रांग तशी लागत नाही. प्रत्येकीला वेगळं दिसतं.

साधा एक्स-रे तुमच्याकडे आहेच. त्याने कॅल्शियमची रेघ दाखवली, हे त्याचं काम त्याने चोख केलं. गाऊटच्या बाबतीत मात्र तो मागाहून येऊन सांगणारा साक्षीदार आहे. युरेट हाड कुरतडतो, कुरतडलेल्या खळीची कड छपरासारखी पुढे येते, हे चित्र ठसठशीत असतं खरं, पण उमटायला वर्षं जातात. माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका टॅक्सीवाल्याच्या सुजलेल्या अंगठ्याचा फोटो माझ्याकडे आला. मी लिहिलं, ‘हाडे नॉर्मल’. खोटं काहीच लिहिलं नव्हतं. पण तो कागद वाचून पुढच्या डॉक्टरांनी गाऊट बाजूला ठेवला आणि जंतुसंसर्ग समजून त्याला दोन महिने गोळ्या दिल्या. पुढच्या झटक्याला कुणीतरी सुई घातली तेव्हा कळलं. तेव्हापासून अशा फोटोखाली मी एक ओळ जास्त लिहू लागलो, ‘याने गाऊट नाकारता येत नाही’. ही ओळ रिपोर्टवर नसेल तर तुम्ही मनात लिहून घ्या.

एमआरआयचं थोडक्यात. सूज, पाणी, फाटलेली गादी, हाडातला ओलावा हे सगळं ते सुरेख दाखवतं. स्फटिक कोणता, एवढंच सांगत नाही. युरेटची गाठ एमआरआयवर इतर अनेक गाठींसारखीच दिसते. हाडात पू पसरलाय का, गुडघा घसरतो-अडकतो त्यामागे गादी आहे का, असा प्रश्न असेल तर जरूर करा. तुमचा प्रश्न तो नाही. आणि कुणी रंगद्रव्याचं इंजेक्शन देऊन करायला सांगितलं तर क्रिएटिनिनचा १.६ चा आकडा आधी दाखवा, मूत्रपिंड थकल्याची ती खूण आहे. मोठ्या यंत्रात घातलं म्हणजे मोठं उत्तर बाहेर येतं ही समजूत आपल्या लोकांत घट्ट बसलीय, डॉक्टर मंडळीही तिला खतपाणी घालतात.

आता सोनोग्राफी. यावर जरा रेंगाळतो, कारण तुमचं काम बहुधा इथेच होणार आहे. सोनोग्राफीत गुडघ्याची कूर्चा काळ्या पट्टीसारखी दिसते, तिच्याखाली हाडाची पांढरी रेघ. युरेट जमतो तो कूर्चेच्या पृष्ठभागावर. त्यामुळे काळ्या पट्टीच्या वरच्या कडेलाही एक पांढरी रेघ उमटते. दोन समांतर रेघा, मध्ये काळं. यालाच दुहेरी रेघेची खूण म्हणतात. पायरोफॉस्फेट साचतो तो कूर्चेच्या पोटात, म्हणून काळ्या पट्टीच्या आतच पांढरे ठिपके किंवा तुटक रेघ दिसते. चतुर्थीला नेवऱ्या (करंज्या) केल्या असतील ना? सांडलेली साखर नेवरीच्या अंगाला चिकटते आणि सारण आत असतं, तसाच हा फरक. त्याशिवाय सांध्यात तरंगणारे चमकते कण, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांच्या कडेने बसलेले युरेटचे पुंजके, डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय) लावला तर कुठे दाह चालू आहे, हेही दिसतं. किरणं नाहीत, इंजेक्शन नाही, मूत्रपिंडाला त्रास नाही. आणि एकाच बैठकीत दोन्ही पाय, दोन्ही गुडघे, दोन्ही मनगटं बघून होतात.

खोट आहे ती हाताची. प्रोब (अंगावर फिरवतात तो यंत्राचा ठोकळा) अगदी सरळ धरला की निरोगी कूर्चेच्या वरसुद्धा पांढरी रेघ चमकते. प्रोब थोडा कलता केला की ती विझते. युरेटची रेघ कललेल्या प्रोबखालीही टिकून राहते. ज्याला ही खोड माहीत आहे त्याच्या हातात सोनोग्राफी सोन्याची, ज्याला नाही त्याच्या हातात नुसता गोंधळ. शिवाय गुडघ्याची कूर्चा नीट दिसायला गुडघा चांगला वाकवावा लागतो, ऐन झटक्यात ते जमत नाही. आता सूज उतरलीय, म्हणजे वेळ बरी आहे. फोंड्याच्या त्या बाईंना सरळ विचारा, ‘तुम्ही सांध्यांची सोनोग्राफी नेहमी करता का, गाऊटची दुहेरी रेघ बघता का?’ पोटाची आणि गरोदर बायांची सोनोग्राफी उत्तम करणारे पुष्कळ आहेत, त्यातल्या सगळ्यांचा सांध्यांवर हात बसलेला असतो असं नाही. प्रश्न विचारल्याचा राग चांगल्या डॉक्टरला येत नाही.

ड्युअल एनर्जी सीटीचं तुमच्या मावसभावाने सांगितलं ते चूक नाही. एकच पाय दोन वेगवेगळ्या ताकदीच्या क्ष-किरणांनी टिपायचा, साधारणपणे ८० आणि १४० किलोव्होल्ट. कॅल्शियम जड मूलद्रव्य, कमी ताकदीचे किरण ते खूप जास्त अडवतं. युरेट कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन अशा हलक्या द्रव्यांचा, त्याला ताकद बदलल्याचा फारसा फरक पडत नाही. या फरकावरून संगणक दोघांना वेगळं ओळखतो आणि युरेटला हिरवा रंग देतो. रंग सांध्यातला नाही हो, संगणकाने भरलेला. हात-पाय, अंगठे, घोटे यांच्या खोल कोपऱ्यांतला युरेट याने छान सापडतो, बघणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून राहावं लागत नाही आणि रंगद्रव्याचं इंजेक्शन नको, म्हणून क्रिएटिनिनची भीती नाही. पण नखांखाली, टाचेच्या जाड कातडीत, सांध्यात धातू असेल तर त्याच्या आसपास खोटा हिरवा दिसू शकतो. आणि उलट बाजूने, दुखणं नवं असेल, साठा बारीक असेल, तर हिरवं काहीच दिसत नाही. बाबांचे झटके आतापर्यंत तीनच. हिरवं दिसलं तर प्रश्न मिटला. दिसलं नाही तर ‘गाऊट नाही’ असं म्हणता येणार नाही, मग खर्च करून तुम्ही जिथल्या तिथेच. पायरोफॉस्फेटच्या बाबतीत तर त्याची भरवशाची ओळख अजून युरेटइतकी पक्की झालेली नाही. करायचंच ठरलं तर निघण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या. यंत्र खरोखर ड्युअल एनर्जीचं आहे का, आणि त्यावर गाऊटचं सॉफ्टवेअर चढवलेलं आहे का. नुसतं ‘सीटी आहे’ या उत्तरावर गाडी काढू नका.

२०२३ च्या युरोपीय शिफारशींतही साधारण हेच आहे. गाऊटचा संशय असेल तर सोनोग्राफी किंवा ड्युअल एनर्जी सीटी, आणि दुखरा सांधा कुठलाही असो, पायाचा अंगठा बघायचाच. पायरोफॉस्फेटचा संशय असेल तर साधा एक्स-रे आणि सोनोग्राफी, गुडघे आणि मनगटं धरून. आणि युरेटच्या ठळक खुणा सोनोग्राफीत किंवा ड्युअल एनर्जीत दिसल्या तर निव्वळ खात्रीसाठी सुई टोचायची गरज उरत नाही, असंही त्यात म्हटलंय. म्हणजे मी वर सुईचं जे कौतुक केलं त्याला एवढी मुरड घालतो.

तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? सूज पुरती उतरायची वाट न बघता सांध्यांची सोनोग्राफी करून घेतली असती. दोन्ही अंगठे, दोन्ही गुडघे, दोन्ही मनगटं. गुडघ्यात अजून पाणी दिसलं तर त्याच सोनोग्राफीत बघत बघत सुई घालून थोडं काढून घेतलं असतं. फोंड्यात सोय झाली तर उत्तम, नाहीतर बाणस्तारीचा पूल ओलांडून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, यायचं. (मी शिकलो तेव्हा गोमेकॉ पणजीतल्या जुन्या इमारतीत होतं. आता तिथे इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या तिकिटांना रांगा लागतात, आम्ही तिथे नमुन्याच्या बाटल्या घेऊन धावायचो.) पाणी बाटलीत जाऊन दोन दिवस पडून राहू देऊ नका, ताजं असतानाच बघितलं पाहिजे. आणि चिठ्ठीवर ‘स्फटिक बघणे’ असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर पेशी मोजून आणि जंतूंची तपासणी करून कागद परत येतो. आता पाणी नसेल तरी हताश होऊ नका, औषध सुरू न झालेल्या गाऊटमध्ये दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळातही सांध्यात सुया सापडू शकतात. सोनोग्राफीत दुहेरी रेघ मिळाली तर ड्युअल एनर्जीचा खर्च वाचला. काहीच ठरलं नाही आणि मूत्रपिंडामुळे औषध सुरू करायला डॉक्टर कचरत असतील, तेव्हा ड्युअल एनर्जी. एमआरआयची चिठ्ठी घरातच राहू दे.

एका बाबतीत मात्र सोनोग्राफीचीही वाट बघायची नाही. पुढच्या वेळी गुडघा सुजला आणि सोबत ताप, हुडहुडी असेल, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं आणि पाणी काढायचंच. सांध्यात पू होणं हे गाऊटसारखंच दिसतं, आणि स्फटिक सापडले म्हणून जंतू नाहीत असं धरता येत नाही. तिथे चुकलो तर सांधा काही दिवसांत खराब होतो.

औषधांचं तुमच्या डॉक्टरांवर सोपवतो, पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. बीपीच्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड असं नाव आहे का बघा. ते युरिक ॲसिड वाढवतं. स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून बदलता येतं का विचारा. आणि १.६ क्रिएटिनिन असताना डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या फार्मसीतून मागवून घेणं थांबवा, झटक्यासाठी कोल्चिसिन दिलं तर त्याचाही डोस मूत्रपिंड बघूनच ठरतो. गाऊट ठरला तर युरिक ॲसिड सहाच्या खाली आणून तिथेच ठेवायचं असतं, ६.१ वर समाधान मानायचं नाही.

मासळीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सावईवेऱ्याच्या घरात तो प्रश्न उठल्याशिवाय राहणार नाही. तारले, बांगडे, तिसऱ्यो यांचा रोजचा राबता कमी करा, बंद करायला सांगत नाही. मे महिन्यातला झटका उर्राकच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत आला, हे मी नजरेआड केलेलं नाही. बाबांना हळूच विचारा.

आणि हो, अंगठ्याचा तीन वर्षांपूर्वीचा किंवा मे महिन्यातला एखादा फोटो घरात कुठे पडला असेल तर सोनोग्राफीला जाताना तोही बरोबर न्या. त्यावर ‘हाडे नॉर्मल’ लिहिलेलं असलं तरीही.